दिवाळीपूर्वीं घरीं पाहिलेले बोलपट

दिवाळीपूर्वींचा आठवडा निवृत्त मनुष्याला मोठा अडचणीचा जातो. घरांतील बायका फराळाच्या कामांत गुंतलेल्या असतात, कर्ते पुरुष शेतांत असतात, मुलांच्या परीक्षा नुकत्याच आटोपलेल्या असतात. आणि ज्याला कोणतेंच काम नाहीं असा वडीलधारा मनुष्य जेथें बसेल तेथें तो नेमका कोणाच्या तरी वाटेंत बसलेला असतो. या वेळीं दिवाळीच्या आठ दिवस आधीं मी माझ्या वडील बंधूंकडे धरणगांवास गेलों, तेव्हां माझी हीच अवस्था झाली. सकाळीं ओसरीवर बसलों तर तेथें भिंतींना रंग द्यावयाचा होता. माजघरांत गेलों तर तेथें अनारशांचें पीठ वाळत घातलेलें. शेवटीं पुढच्या खोलींत मला कायमची जागा मिळाली, आणि ती जागा मिळाल्यामुळेंच आज आपल्यापुढें बोलण्याचा प्रसंग आला आहे.

धरणगांव हें जळगांव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मराठी शिकलेल्या मनुष्याला तें बालकवींमुळें ठाऊक असतें, कारण १८९० सालीं त्यांचा जन्म येथें झाला. व्यापाऱ्याला तें कापसामुळें ठाऊक असतें. आमच्या घराच्या पुढच्या खोलींत कवितेचें पुस्तक एकहि नाहीं, परंतु कापूस मात्र अर्धी खोली भरून आहे. पहिल्या दोन वेचण्यांचा माल माझ्या थोरल्या पुतण्यानें विकला नव्हता. ज्याच्या घरीं जागा आहे तो शेतकरी कापूस घरांत भरून ठेवतो आणि भाव वाढण्याची वाट पाहतो; ज्याला जागा नाहीं, किंवा ज्याच्या दारांत देणेकरी उभा आहे, तो पहिलाच माल गाडींत घालून जिनिंगवर नेतो. आमच्याकडे जागा होती. ढीग छातीइतका उंच झाला होता. त्यांत उड्या मारण्यास मुलांना सक्त मनाई होती, कारण कापसांतील किडीनें अंगाला खाज सुटते. आणि त्या खोलींत पणती, उदबत्ती किंवा विडी नेण्यास तर साऱ्या जगालाच मनाई होती. या ढिगासमोरच्या भिंतीवर दूरचित्रवाणीचा मोठा संच टांगलेला आहे. धाकटा पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. तो कचेरीचें काम घरूनच करण्याची परवानगी काढून आमच्या आधींच येऊन राहिला होता. दिवसा तो वरच्या खोलींत संगणकाशीं बोलत बसे, आणि रात्रीं जेवणें झालीं कीं आंतरजालावरून हवा तो बोलपट शोधून भिंतीवर लावी. अशा रीतीनें सहा रात्रीं आम्हीं सहा बोलपट पाहिले. त्यांविषयीं घरांत जीं मतें निघालीं तींच आज सांगावयाचीं आहेत. तीं कोणा टीकाकाराचीं नाहींत. हातांत झारा, लाटणें किंवा कात्री असतां सहज बोललेल्या गोष्टी आहेत.

प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. माझ्या लहानपणीं बोलपट पाहावयाचा म्हणजे घर सोडून जावें लागे. वैशाखांत अमळनेरास बोरी नदीच्या पात्रांत संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्या यात्रेंत तंबूंतला सिनेमा आम्ही बैलगाडींतून जाऊन पाहत असूं. तंबूच्या मध्यें कनात असे. एका बाजूस पुरुष बसत, दुसऱ्या बाजूस बायका. यंत्र एकच असल्यामुळें रीळ बदलतांना दिवे लागत आणि साऱ्या तंबूभर आपापल्या माणसांना हांका मारण्याचा कल्लोळ उसळे. पुढें १९८० नंतर व्हिडिओचे दिवस आले. गल्लींत वर्गणी काढून एका रात्रीपुरता संच भाड्यानें आणावयाचा, तीन कॅसेटी आणावयाच्या, आणि भाडें वसूल व्हावें म्हणून डोळे मिटत असतांहि पहाटेपर्यंत तिन्ही पाहावयाच्या! तंबूंत काय किंवा गल्लींत काय, एकदां सुरू झालेलें चित्र थांबविणें प्रेक्षकाच्या हातीं नव्हतें. आतां तें आहे. घरांतील कोणीहि मनुष्य ‘जरा थांबव’ म्हणाला कीं तुकाराम महाराजांचा हातसुद्धां हवेंतच थांबतो. ही सोय मला आरंभीं क्षुल्लक वाटली होती.

पहिल्या रात्रीची निवड नानांची, म्हणजे माझ्या बंधूंची. त्यांनीं प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ मागितला. दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३६ सालचा. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले तेव्हां नानांनीं टोपी सारखी केली आणि मांडी घालून ते असे बसले कीं, जणूं कीर्तनालाच आले आहेत. त्यांचें मत अर्थातच ठरलेलें होतें, आणि तें त्यांनीं बोलपट सुरू होण्यापूर्वींच सांगून टाकलें.

वहिनींनीं मात्र हा बोलपट पाहिला नाहीं. तो त्यांनीं ऐकला. स्वयंपाकघराचें दार उघडें ठेवून त्या अनारसे तळीत होत्या. नभोवाणीच्या श्रोत्यांना यांत नवल वाटूं नये. परंतु जिजाईचा आवाज चढला कीं वहिनी झारा हातांत घेऊन दारांत येत. आजारी पोराला बरोबर ओढीत, हातांत पायतण घेऊन जिजाई देवळांत विठोबाला जाब विचारावयास जाते, तो प्रसंग त्यांनीं उभ्यानेंच सबंध पाहिला. आंत कढईंतला अनारसा तेवढ्यांत करपला. मग त्या म्हणाल्या, “हिचें काय चुकलें? घरांत देवाला विचारणारें कोणीतरी एक पाहिजे.”

नाना म्हणाले, “विचारणारी ती, आणि वैकुंठाला गेले ते.”

“ती कशी जाणार? पोरांना जेवायला कोण घालणार होतें?”

यावर नानांजवळ उत्तर नव्हतें. मला वाटतें, दामले-फत्तेलाल यांच्याजवळहि नसावें, आणि त्यांना त्याची जाणीव असावी. नाहींतर गौरीसारख्या नटीला त्यांनीं एवढी मोकळीक दिली नसती. संतपट म्हटला कीं संताची बायको ही बहुधा अडथळा म्हणून येते. येथें ती चूल, म्हैस आणि पोरें घेऊन येते, आणि संताच्या शेजारीं तितक्याच जागेंत उभी राहते. ५७ आठवडे जे प्रेक्षक आले त्यांत भाविक पुष्कळ असतील; पण मुंबईच्या चाळींतून आलेल्या बायका कोणाला पाहावयास येत असतील, हें वहिनींच्या हातांतला झारा पाहून मला प्रथम कळलें.

दुसऱ्या रात्रीं थोरल्या पुतण्याच्या मुलीची पाळी होती. ही जळगांवास महाविद्यालयांत शिकते. तिला जुने बोलपट आवडत नाहींत, तरी मीं सुचविलें म्हणून तिनें ‘कुंकू’ लावूं दिला. तोंपर्यंत आकाशकंदिलाचे कागद कातरून होतील, असा तिचा हिशेब होता. व्ही. शांताराम यांचा हा बोलपट १९३७ सालचा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला. शांता आपटे यांची नीरा वृद्ध वराशीं फसवून लावून दिली जाते, आणि ती त्याला नवरा मानण्याचें साफ नाकारते. या बोलपटांत पार्श्वसंगीत नाहीं. पावलांचे, घड्याळाचे, भांड्यांचे जे आवाज घरांत असतात तेच तेथें आहेत. त्यामुळें आमच्याकडे मोठी गंमत झाली: आमच्या स्वयंपाकघरांतील मिक्सर सुरू झाला, तो काकासाहेबांच्याच वाड्यांत सुरू झाला असें वाटून धाकटा पुतण्या चकित झाला.

मुलीची कात्री पहिल्या अर्ध्या तासांतच थांबली. “आजोबा, ही रडत कशी नाहीं?” असें तिनें मला दोनदां विचारलें. परंतु शेवट तिला पसंत पडला नाहीं. आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची जाणीव होऊन वृद्ध काकासाहेब प्राण देतो, आणि नीरा मोकळी होते. “हिच्या सुटकेसाठीं त्यानें मरायचें कशाला? सरळ घटस्फोट द्यावा,” असें ती म्हणाली. मीं तिला सांगितलें कीं, त्या वेळीं मुंबई इलाख्यांत हिंदूंना घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो १९४७ सालीं झाला. लेखकापुढें आणि दिग्दर्शकापुढें दुसरा दरवाजाच उघडा नव्हता. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग ही गोष्ट कायद्याची आहे, माणसांची नाहीं.” हें मत मला सर्वस्वीं मान्य नाहीं. केशवराव दाते यांनीं तो म्हातारा असा उभा केला आहे कीं, त्याचा तिरस्कार करावयाचें ठरवून बसलेला मनुष्यहि अखेरीस फसतो. पण अठरा वर्षांच्या मुलीनें आधीं कायद्याचा विचार करावा, यांत वाईट तरी काय आहे?

तिसऱ्या रात्रीं आचार्य अत्रे यांची ‘श्यामची आई’ लावली. त्याविषयीं फार सांगत नाहीं, कारण खानदेशांत त्या बोलपटावर मत देणें म्हणजे घरच्या देवावर मत देण्यासारखें आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते, आणि आमच्याकडील प्रत्येक जुन्या घरांत त्यांची एखादी तरी आठवण सांगतात. १९५३ सालच्या या बोलपटाला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. वनमालाबाईंना पाहून नानांचे डोळे नेहमींप्रमाणें भरून आले. आमच्या घरीं सात वर्षांचा एक मुलगा आहे, थोरल्या पुतण्याचा, पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई मारते त्या प्रसंगीं तो म्हणाला, “हिलाच टाका विहिरींत!” आणि लगेच झोंपीं गेला. २०२३ सालीं याच पुस्तकावर सुजय डहाके यांनीं नवा चित्रपट काढला, तोहि कृष्णधवलच. तो पाहूं असें ठरलें, पण राहून गेलें.

चौथी रात्र धाकट्या पुतण्याची. त्यानें मालेगांव आणलें. धुळ्याच्या पलीकडचें, यंत्रमागांचें हें गांव. शुक्रवारीं माग बंद असतात आणि त्या दिवशीं मजूर सिनेमाला जातात. तेथें नासिर शेख नांवाचा एक तरुण व्हिडिओगृह चालवीत असे. त्यानें २००० सालीं गांवांतलींच माणसें घेऊन ‘मालेगांव के शोले’ काढला. पुढें ‘मालेगांव का सुपरमॅन’ काढण्याचा खटाटोप झाला, त्यावर फैजा अहमद खान यांनीं २००८ सालीं ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ हा माहितीपट केला. आणि २०२५ सालीं रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगांव’ हा मोठा चित्रपट त्याच गोष्टीवर आला. आम्हीं माहितीपट पाहिला. सायकलीवर कॅमेरा घेऊन बसावयाचें आणि मागून ढकलावयाची. उंचावरून चित्र हवें असेल तर बैलगाडीच वर-खालीं करावयाची! घरांत इतका हंशा कोणत्याहि रात्रीं झाला नाहीं. नानांनासुद्धां तो पसंत पडला. “पैसा नाहीं म्हणून या माणसाचें अडलें कुठें?” असें ते दोन-तीनदां म्हणाले.

सुपरमॅनचें काम करणारा शफीक शेख हा अगदीं काटकुळा यंत्रमाग-मजूर आहे. त्या वेषांत तो उडूं लागतो तेव्हां आम्ही सारेच हंसलों. मग धाकट्या पुतण्यानें सांगितलें कीं, हा मनुष्य पुढें थोड्याच वर्षांत कर्करोगानें वारला. हंसूं बंद झालें. सूनबाई करंज्यांना मुरड घालीत होती, ती म्हणाली, “हें आधीं सांगायला हवें होतें.” कां, तें तिनें सांगितलें नाहीं. मला मात्र वाटतें कीं, आधीं सांगितलें असतें तर आम्ही हंसलों नसतों, आणि तें शफीकला आवडलें नसतें. या बाबतींत सूनबाईंचें आणि माझें एकमत झालें नाहीं.

पांचव्या रात्रीची निवड माझी होती. आणि ती चुकली कीं नाहीं, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

इतके दिवस जुने बोलपट झाले, एखादा शेतकऱ्याचा, आपल्या कापसाचा पाहूं, अशा भाबड्या विचारानें मीं ‘गाभ्रीचा पाऊस’ सुचविला. सतीश मनवर यांचा हा चित्रपट २००९ सालचा, विदर्भांतील. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडांतील शिवी. ती येथें पावसाला दिली आहे. शेजारच्या शेतकऱ्यानें आत्महत्या केल्यावर किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनांत धास्ती बसते कीं, आपला नवराहि तसेंच कांहीं करील. ती त्याला कांहीं विचारीत नाहीं. त्याच्या आवडीचें जेवण करते, आणि आपल्या लहान मुलाला, दिनूला, सांगते कीं, बापाची पाठ सोडूं नकोस. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनीं हीं कामें केलीं आहेत. मीं तो पूर्वीं पुण्यास चित्रगृहांत पाहिला होता, आणि ‘कला’ म्हणून मला तो फार आवडला होता. पुण्याच्या चित्रगृहांत पाठीमागें कापसाचा ढीग नसतो, एवढी गोष्ट मीं ध्यानांत घेतली नाहीं.

थोरला पुतण्या एरवीं रोज जेवून ढिगाला टेकून बसे आणि पांच मिनिटांत घोरूं लागे. त्या रात्रीं तो जागा राहिला. आरंभीं त्यानें आम्हांला पुष्कळ समजावून सांगितलें. पहिली पेरणी पावसानें दगा दिल्यामुळें वायां गेली म्हणजे दुबार पेरणीचें बियाणें पुन्हां विकत घ्यावें लागतें. पूर्वीं घरचीच सरकी पेरीत, आतां दर वर्षीं पाकीट आणावें लागतें. २००२ सालीं नवें बीटी बियाणें आलें तेव्हां बोंडअळी गेली असें सारे म्हणत होते, आणि २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें उभीं शेतें कशीं पोखरलीं, हें सारें त्यानें सांगितलें. चित्र थांबवून थांबवून सांगितलें. पडद्यावरील काळी जमीन पाहून “ही आपल्यासारखीच आहे,” असें म्हणाला. हळूहळू त्याचें बोलणें कमी झालें. दिनू बापाच्या मागें मागें चालूं लागला, तेव्हां आमच्या घरचा मुलगा मोठ्यानें हंसला, कारण त्याला तो लपंडावाचा खेळ वाटला. सूनबाईंचें काम थांबलें होतें. पोळपाटावरची पारी वाळून गेली.

चित्रपट निम्म्याच्या थोडा पुढें गेला असेल. थोरला पुतण्या उठला आणि म्हणाला, “राहूं दे आतां. वेचणीच्या बाया उद्यां लवकर यायच्या आहेत.” धाकट्यानें कळ दाबली. कोणीहि मत दिलें नाहीं. नानांनीं खोलीचें दार ओढून घेतलें, आणि सवयीप्रमाणें ढिगाजवळ विजेची तार तर नाहीं ना, हें एकदां पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. थोरला पुतण्या डबा घेऊन मोटारसायकलीवर बसत होता. तेवढ्यांत सूनबाई मुलाला हाताला धरून बाहेर आली. ती घरांत आमच्याशीं शुद्ध मराठींत बोलते, पण मुलाशीं अहिराणींत. “जाय रे भाऊ, बापना संगे वावरमा जाय,” एवढेंच ती म्हणाली. मुलगा दिवाळीच्या सुट्टींत सकाळीं सातला उठून शेतांत जाणारांपैकीं नव्हे. तरी तो गेला. मीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें नाहीं. तीहि माझ्याकडे न पाहतां आंत गेली.

दुपारीं मीं नानांना एकीकडे घेऊन विचारलें कीं, देणें किती आहे? नाना म्हणाले, “सोसायटीचें पीककर्ज आहे. तें कोणाला नाहीं? सावकाराचें नाहीं.” मग थोडें थांबून म्हणाले, “निदान मला ठाऊक नाहीं.” वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं घरांतील सारा व्यवहार मुलाच्या हातीं दिलेल्या बापाचें हें उत्तर होतें. मीं पुढें विचारलें नाहीं.

संध्याकाळीं मी शेतावर गेलों. ऑक्टोबरांत पाऊस झाल्यामुळें खालचीं बोंडें काळीं पडलीं होतीं, वरचीं चांगलीं होतीं. वेचणीच्या बाया गांठोडीं बांधीत होत्या. मुलगा बापाच्या मागें फिरून फिरून दमला होता आणि बांधावर बसला होता. पुतण्या माझ्याजवळ आला, थोडा वेळ भावाविषयीं बोलला, आणि मग म्हणाला, “काका, आज दिवसभर हा पाठ सोडत नाहीं. मीहि त्याला परत पाठविला नाहीं. त्याच्या आईला बरें वाटेल.” माझ्याच्यानें कांहींच बोलवेना. तो पुढें म्हणाला, “तो बोलपट खोटा नाहीं. पण दिवाळीच्या आधीं कशाला लावलात?” हें त्यानें रागानें म्हटलें नाहीं.

श्रोतेहो, त्याच्या या प्रश्नाचा मीं पुष्कळ विचार केला आहे. चित्रगृहांत तोच चित्रपट त्यानें पाहिला असता तर शेवटपर्यंत पाहावा लागला असता, आणि अंधारांतून बाहेर पडतांना कोणी कोणाचें तोंड पाहिलें नसतें. घरीं तो मध्येंच थांबला. आणि जेथें थांबला तेथून सूनबाईनें तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुढें नेला. तिला जें कित्येक महिने विचारतां येत नव्हतें, तें तिनें न विचारतांच केलें, आणि नवऱ्याला तें समजलें. मी हें चांगलें झालें असें म्हणत नाहीं. थांबविण्याची ती कळ मला वाटली होती तितकी क्षुल्लक नव्हती, एवढेंच म्हणतों.

सहाव्या रात्रीं कोण काय सुचवितो याची साऱ्यांनाच भीति वाटत होती. धाकट्यानें परेश मोकाशी यांची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावली, आणि घर पुन्हां हलकें झालें. दादासाहेब फाळक्यांनीं पहिला मूकपट कसा काढला त्याची ही गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला. परंतु तो तयार झाला तो बहुतेक घरांतच. सरस्वतीबाई फाळके दिवसा साऱ्या मंडळीचा स्वयंपाक करीत आणि रात्रीं अंधारांत बसून कोऱ्या फितीला कडेनें भोंकें पाडीत. त्यांनीं आपले दागिने दिले. हें मीं सांगितलें तेव्हां सूनबाई म्हणाली, “दागिने गेल्यावर ही एवढी हंसते कशी?” मीं म्हटलें, बहुधा दिग्दर्शकानें हंसविली असावी. ती म्हणाली, “नाहीं. तो तिला सगळें सांगत होता, म्हणून.” थोरला पुतण्या त्या वेळीं जागा होता कीं नाहीं, हें मीं मुद्दाम पाहिलें नाहीं.

तारामतीचें काम करावयास बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनीं खानावळींतल्या साळुंके नांवाच्या स्वयंपाक्यास घेतलें, हें ऐकून वहिनी म्हणाल्या, “तिथें स्वयंपाक्याची राणी झाली. आमच्याकडे उलटें झालें.” नानांनीं हें ऐकलें नाहीं असें दाखविलें.

मुलाला मात्र यांतलें काहींच नको होतें. त्याला वाटाणा हवा होता. मूकपटाच्या आधीं फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचीं रोज थोडथोडीं चित्रें घेऊन, वेल डोळ्यांदेखत वाढतांना दाखविला होता. त्याच्यावरूनच त्यांना भांडवल देणारा मिळाला. हा भाग मुलानें तीनदां मागें नेऊन पाहिला. दुसऱ्या दिवशीं उठल्याबरोबर त्यानें ढिगांतून एक बोंड काढलें, त्यांतली सरकी सोलली, आणि चहाच्या फुटक्या कपांत माती घालून ती पेरावयास बसला. रोज सकाळीं माझ्या मोबाइलवर तिचें चित्र घ्यावयाचें, असा त्याचा बेत होता.

बाप शेतांत निघाला होता. त्यानें कपांत डोकावून पाहिलें आणि म्हणाला, “सरकी नको लावूं. मूग लाव. मूग तीन दिवसांत वर येतो.”

वसुबारसेच्या दिवशीं सकाळीं मुगाला दोन पानें फुटलीं. तिन्ही दिवसांचीं चित्रें माझ्याजवळ आहेत. तिसरें जरा हललेलें आहे, कारण कप मुलाच्या हातांत होता आणि बाप त्याला मोटारसायकलीवरून हांक मारीत होता.